वारा कुठला होता?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. जेवणं आटपली की निवांत वाचा.

गेल्या शनिवारी किनाऱ्यावरच्या एका शाळेत आठवी-नववीच्या मुलांसमोर बोलायला गेलो होतो. विषय अमेरिकेतली गुलामगिरी. इतिहासाच्या सरांनी आधीच फोन करून सांगितलेलं, "लिंकन घ्या, थोडी हॅरिएट टबमन घ्या, चाळीस मिनिटं पुरे." आपल्यालाही शाळेत हेच होतं. लिंकनने गुलामांना मुक्त केलं. एक गुण, पुढचा प्रश्न.

मी सुरुवात केली 'पर्ल' नावाच्या शिडाच्या जहाजापासून. १५ एप्रिल १८४८, शनिवारची रात्र, वॉशिंग्टन. अमेरिकेची राजधानी, आणि त्या राजधानीत तेव्हा माणसांची उघड खरेदी-विक्री चालायची. त्या रात्री ७७ बायका, पुरुष, मुलं गुपचूप पोटोमॅक नदीच्या काठी आली आणि 'पर्ल'च्या पोटात उतरली. बेत असा, की नदीने खाली मुखापर्यंत जायचं, तिथून चेसापीकच्या उपसागरात शिरून उत्तरेला वळायचं, गुलामगिरी नसलेल्या राज्यांकडे. मी फळ्यावर नकाशा काढत होतो तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, वारा कुठला होता?"

दोघं-तिघं हसले. सरांनी डोळे वटारले. हा पोरगा हंगामात बापाबरोबर बोटीवर जातो, शाळेत मनात येईल तेव्हा येतो, असं सरांनी नंतर सांगितलं. पण खरं सांगतो, दोन महिने या विषयावर वाचतोय, मला स्वतःला हा प्रश्न सुचला नव्हता. उत्तर पुस्तकात होतं म्हणून मला ठाऊक होतं, इतकंच.

वारा नव्हताच. निघाल्यावर वारा पडला, वर भरतीचं पाणी समोरून. नांगर टाकून उजाडेपर्यंत थांबावं लागलं. सकाळी वारा आला, दिवसभर जहाज चांगलं पळालं. संध्याकाळी नदीच्या मुखाशी पोचले तर वारा उत्तरेचा आणि जोराचा, आणि यांना जायचं उत्तरेलाच. परत नांगर. इकडे रविवारी सकाळी मालकांनी हाका मारल्या तर घरात कुणी नाही. मग 'सालेम' नावाच्या वाफेच्या बोटीत हत्यारबंद माणसं बसली आणि पाठलागाला निघाली. वाफेच्या बोटीला वारा लागत नाही. सोमवारी पहाटे, अंधारातच, नांगरावर उभं असलेलं 'पर्ल' त्यांनी गाठलं.

वर्ग गप्प झाला होता. तो पोरगा मात्र हिशेब करत होता. म्हणाला, "ओहोटी बघून सुटायला पायजे होतं."

पकडलेल्यांपैकी बहुतेकांना दलालांनी विकत घेऊन दक्षिणेला पाठवलं. मेरी आणि एमिली एडमन्सन या दोन बहिणींसाठी त्यांचा म्हातारा बाप उत्तरेतल्या चर्चांमध्ये पैसे मागत फिरला, २,२५० डॉलर जमले तेव्हा त्या सुटल्या. जहाजाचे दोघं गोरे कप्तान, ड्रेटन आणि सेयर्स, दंड भरता न आल्याने चार वर्षांवर तुरुंगात राहिले. १८५२ मध्ये राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांनी माफी दिली तेव्हा बाहेर आले. आणि शहरातला जमाव कुठे गेला असेल? 'नॅशनल एरा' नावाच्या वर्तमानपत्राच्या कचेरीवर. हे पत्र गुलामगिरीविरुद्ध लिहायचं, म्हणजे पळवण्यामागे तेच असणार! दगडफेक झाली, गोंधळ तीन दिवस चालला. संपादकाचा या बेताशी काहीही संबंध नव्हता. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे वाचून नवल वाटणार नाही.

आता मुद्द्यावर येतो. आपण ही सगळी गोष्ट पायवाटेची म्हणून शिकतो आणि शिकवतो. रात्रीचं चालणं, ध्रुवतारा, दलदल, मागे कुत्री. 'भूमिगत रेल्वे' हे नावसुद्धा जमिनीवरचं. ते खोटं नाही. पण सरहद्दीजवळच्या राज्यातून चालत निघणं वेगळं आणि चार्लस्टन किंवा सव्हॅनासारख्या खोल दक्षिणेतल्या बंदरातून निघणं वेगळं. तिथून शेकडो मैल शत्रूच्याच मुलखातून चालायचं. त्याच बंदरातून कापूस, तांदूळ, टर्पेंटाइन भरून जहाजं मात्र न्यूयॉर्क-बॉस्टनला रोजची जात होती. ती भरणारे हमाल, फळ्यांच्या फटी बुजवणारे कारागीर, होड्या वल्हवणारे, वाट दाखवणारे, यातले कितीतरी हात काळ्या माणसांचे. मालकाने त्यांना समुद्र शिकवला तो स्वतःच्या फायद्यासाठी. टिमोथी वॉकर या इतिहासकारांनी २०२१ मध्ये याच विषयावर 'सेलिंग टू फ्रीडम' नावाचं पुस्तक संपादित केलं. आता कुठे तिकडच्या शिक्षकांपर्यंत हे पोचतंय.

इतका उशीर का, याचं उत्तर फ्रेडरिक डग्लसकडे आहे. हा बाल्टिमोरच्या गोदीत जहाजाच्या फटी बुजवायचं काम करायचा. ३ सप्टेंबर १८३८ ला खलाशाचा वेश केला, लाल सदरा, डोक्यावर खलाशी टोपी, आणि एका मोकळ्या काळ्या खलाशी मित्राचा परवाना खिशात. परवान्यातलं वर्णन याच्याशी जुळत नव्हतं. पण वर मोठ्ठा सरकारी गरुड छापलेला होता. रेल्वेतल्या तिकीट तपासनिसाने गरुड बघितला आणि पुढे गेला. (सरकारी शिक्क्याची जादू!) शिवाय डग्लसला खलाशांची बोली येत होती, जहाजाचा प्रत्येक भाग नावानिशी ठाऊक होता. गाडी, मधे नदी ओलांडायला नाव, मग आगबोट, असं करत दिवसभरात न्यूयॉर्क. १८४५ मध्ये त्याने आत्मचरित्र लिहिलं, त्यात सगळं सांगितलं, फक्त कसा पळालो ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मागच्यांची वाट बंद झाली असती आणि मदत करणारे तुरुंगात गेले असते. खरी हकिगत पुस्तकात आली १८८१ साली. त्रेचाळीस वर्षं त्याने ती पुस्तकाबाहेर ठेवली.

नोंद ठेवली ती फिलाडेल्फियाच्या विल्यम स्टिल यांनी. येणाऱ्या प्रत्येकाची विचारपूस करून लिहून घ्यायचे, कागद लपवून ठेवायचे. गुलामगिरी गेल्यावर १८७२ मध्ये छापलं. त्यात कॅप्टन फाउंटन भेटतो. नॉरफोकच्या बंदरात याचं जहाज उभं, वर गहू, खाली २१ माणसं लपलेली. शहराचा महापौर कुऱ्हाडी आणि भाले घेतलेली माणसं घेऊन हजर. ते गव्हात भाले खुपसतायत, फळ्या फोडतायत. फाउंटनने स्वतःच कुऱ्हाड उचलली, डेकवर घाव घालायला लागला आणि महापौरालाच विचारलं, सांगा, अजून कुठे फोडू? महापौर उतरून गेला. वर्गात हे सांगताना मी जरा अभिनयही केला, सरांना आवडला नसावा.

अब्राहम गॅलोवे आणि त्याचा मित्र रिचर्ड ईडन विल्मिंग्टनहून १८५७ मध्ये टर्पेंटाइनच्या जहाजात लपले. लपलेली माणसं बाहेर काढायला त्या बंदरात जहाजाला धुरी देत. म्हणून दोघांनी तेल लावलेल्या रेशमी कापडाच्या पिशव्या शिवून घेतल्या, डोक्यावरून ओढून घ्यायच्या. धुरी दिलीच नाही, पण टर्पेंटाइनच्या वाफांनी दोघं हैराण झाले. तरी पोचले. पुढे यादवी युद्धात गॅलोवे उत्तरेचा हेर झाला, आणि नंतर नॉर्थ कॅरोलिनाच्या विधिमंडळात निवडून गेला.

मालकांनाही हे सगळं कळत होतं. साउथ कॅरोलिनाने १८२२ मध्ये कायदा केला, की बाहेरच्या जहाजावरचा मोकळा काळा खलाशी बंदरात आला की जहाज सुटेपर्यंत त्याला कोठडीत टाकायचं. कोठडीचा खर्च कप्तानाने भरायचा, नाही भरला तर त्या मोकळ्या माणसाला विकायचं. भीती त्याच्या हातातल्या चाकूची नव्हती, तोंडातल्या बातमीची होती. डेव्हिड वॉकरचं १८२९ चं जळजळीत पत्रक बॉस्टनहून दक्षिणेत पोचलं ते खलाशांच्याच हातून.

आता मला टोचलेली गोष्ट. तिकडच्या वर्तमानपत्रांत पळालेल्यांच्या जाहिराती यायच्या. नाव, उंची, अंगावरचे व्रण, येणारं काम, बक्षीस. शेवटी कितीदा तरी ओळ असायची, जहाजांच्या कप्तानांना ताकीद, याला नेऊ नये. छापणारे आमच्यासारखेच लोक, अशा जाहिरातींवर अंक निघायचे. आज कॉर्नेल विद्यापीठाने अशा हजारो जाहिराती गोळा करून खुल्या केल्या आहेत. वर्गासाठी याच्याइतकं चांगलं साधन नाही. मालकाने रागाने लिहिलेल्या चार ओळींत त्या माणसाचं कसब नोंदलं गेलंय. मुलांना दोन जाहिराती मराठीत करून दिल्या, म्हटलं यातून माणूस शोधा.

दर हंगामात माझ्या फोनवर फोटो येतात. 'उचल घेऊन खलाशी पळाला, छापा.' फोटो, आधार कार्ड, खांद्यावरचं गोंदण. बोटमालकाचे पैसे खरंच बुडतात, कर्ज त्याच्याही डोक्यावर असतं, मी नाकारत नाही. आणि उचल म्हणजे गुलामगिरी असंही मी म्हणत नाही. तिथे माणूस, त्याची बायको, जन्माला येणारं मूल, सगळं कायद्याने मालकाचं होतं. पण त्या जाहिराती वाचल्यापासून पोलिसात तक्रार नोंदलेली नसेल तर तो फोटो माझ्या पानावर जात नाही. दोघं जुने मित्र यावरून बोलायचे थांबलेत.

भाषणानंतर चहाला शाळेच्या कमिटीतले एक काका म्हणाले, "विषय चांगला, पण मुलांना पळून जायच्या गोष्टी कशाला?" मी म्हटलं, काका, त्या कायद्याने ती चोरीच होती, माणूस स्वतःलाच चोरत होता. ते हसले, पटलं नाही.

त्यांच्या बोलण्यात एक बाजू मात्र खरी आहे. नुसती साहसकथा करून सांगितली तर जे पळाले नाहीत ते भित्रे ठरतात. १८६० मध्ये जवळपास ४० लाख माणसं गुलाम होती, निसटलेली त्यात मूठभर. हॅरिएट जेकब्स आजीच्या घराच्या माळ्यावर, उभंही राहता येणार नाही अशा जागेत, जवळजवळ सात वर्षं लपून राहिली. खाली तिची मुलं खेळायची, भोकातून ती बघायची. १८४२ मध्ये जहाजाने फिलाडेल्फियाला गेली. त्या सात वर्षांबद्दल वर्गात बोललो नाही तर जहाजाबद्दल बोलायचा हक्क नाही.

आपल्याकडे महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना अर्पण केलं, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. पुण्यात बसून तेव्हा ही जाण ठेवणं केवढी मोठी गोष्ट! पण दीडशे वर्षांनी आपली पाठ्यपुस्तकं सोडवणाऱ्यांपाशीच थांबलीत. सुटणारे कुठे आहेत?

पुढच्या शनिवारी त्याच वर्गाला रॉबर्ट स्मॉल्स सांगायचाय. तेवीस वर्षांचा, 'प्लँटर' बोटीचा सुकाणूवाला. पायलटचं काम करायचा, पण काळ्या माणसाला पायलट म्हणत नसत. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपलेले असताना कप्तानाची गवती टोपी घालून त्याने बोट काढली, वाटेत बायकापोरांना घेतलं, किल्ल्यासमोरून जाताना नेमकी ठरलेली शिटी दिली. तोफांच्या टप्प्याबाहेर गेल्यावर पांढरी चादर चढवली. पुढे अमेरिकेच्या संसदेत पाच वेळा गेला, आणि ज्या घरामागे जन्मला ते मालकाचं घर त्याने विकत घेतलं.

मागच्या बाकावरचा पोरगा त्या दिवशी शाळेत असेल का ते सरांना विचारलं. म्हणाले, बोट आली तर येईल. चार्लस्टन बंदराचा जुना, पाण्याची खोली दाखवणारा नकाशा कुणाकडे असेल तर शुक्रवारपर्यंत कचेरीत आणून द्या. झेरॉक्स काढून लगेच परत देतो.