पाण्याखालच्या पंखांवरचे वळण

पाण्याखाली पंख बसवून नाव पृष्ठभागाच्या वर उचलण्याचा प्रयोग इटलीच्या एन्रिको फोर्लानिनी यांनी 1906 मध्ये माज्जोरे सरोवरावर यशस्वी केला. त्यांच्याच नावेत फेरी मारलेले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आणि केसी बाल्डविन यांच्या ‘एचडी-4’ या नावेने 1919 मध्ये कॅनडात ताशी सुमारे 114 किलोमीटरचा विक्रम केला.

पुढे सर्फिंगच्या फळीला हे पंख लावून हवाईच्या महाकाय लाटांवर उतरले ते सर्फर लेअर्ड हॅमिल्टन आणि त्यांचे साथीदार. तेव्हा पाय स्नोबोर्डच्या बुटांत जखडलेले असत. पाय मोकळे झाल्यावरच वळणाची कला खरी फुलली. नंतर फळीत बॅटरी आणि मोटर आली, पोर्तो रिकोच्या ‘लिफ्ट फॉइल्स’सारख्या कंपन्यांनी अशा फळ्या बाजारात आणल्या आणि शांत सरोवरातही सराव शक्य झाला.

अशा फळीवरचे वळण विमानाच्या वळणासारखे असते. फळी कलली की उचल देणाऱ्या बलाचा काही भाग वळण्यात खर्च होतो. म्हणून शिकणाऱ्याने आधी पुरेसा वेग घ्यावा, नजर वळणाच्या दिशेने न्यावी आणि टाचांवर किंवा चवड्यांवर भार हळूहळू सरकवावा. कल फार झाल्यास पंखाचे टोक पाण्याबाहेर येते, पंखावर हवा शिरते आणि फळी खाली आदळते.