आजीच्या ११ सेकंदांची कॅसेट

हेडफोन लावलेत ना?

सोलापुरात आमच्या घरी आजोबांचा एचएमव्ही फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर होता. आजोबा गिरणीत कामाला. आवाज खोलीत घुमू नये म्हणून समोरच्या भिंतीवर जाड सोलापुरी चादर टांगलेली. आज लोक त्यासाठी अकॉस्टिक पॅनल विकत घेतात, असो.

पण रेकॉर्ड फक्त ऐकायची. एलपीच्या एका बाजूला वीसेक मिनिटं, त्याआधीच्या ७८ आरपीएमच्या तबकडीवर जेमतेम तीन-चार. त्यावर कुणी गायचं, हे कंपनी ठरवणार. फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली, ८० च्या दशकात ती आपल्याकडे घरोघरी पोचली. आपल्या मंगळवेढ्याचे प्रल्हाद शिंदे कॅसेटवरून गावोगाव वाजले. यादी दिली की कॅसेट भरून देणारी दुकानं निघाली. आणि लाल बटण दाबलं की घरातला आवाजही टेप व्हायचा!

आजोबांनी आजीच्या ओव्या टेप केल्या. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकच्या दोन छोट्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की रेकॉर्डचं बटण दबत नाही. त्यांनी त्या आठवणीने मोडल्या. पण काकाला जुगाड माहीत होता. त्या खाचांवर सेलोटेप चिकटवली आणि वर सिनेमाची गाणी भरली. आजोबा त्याच्याशी महिनाभर बोलले नाहीत म्हणे.

मागच्या दिवाळीत ती कॅसेट मी लॅपटॉपवर घेतली. दुसऱ्या बाजूला गाणी संपल्यावर ११ सेकंद शिल्लक आहेत. अर्धी ओवी, आणि मागून कुणीतरी ओरडतंय, "अगं, नळ आला!"