टेबलावर आले की टेबलाखाली गेले? एका क्रियापदाचा इतिहास

डिसेंबर १९४१. पर्ल हार्बरवरील हल्ल्याला जेमतेम दोन आठवडे झाले होते. चर्चिल आपल्या सेनाधिकाऱ्यांसह वॉशिंग्टनला पोहोचले. युद्ध एकत्र कसे लढायचे, हे ठरवायचे होते.

ब्रिटिश अधिकाऱ्यांनी एक तातडीचे टिपण ‘टेबल’ करायचे आहे, असे सांगितले. अमेरिकनांनी हरकत घेतली. वाद लांबला, कटूही झाला. अखेर उलगडले, की दोघांनाही एकच गोष्ट हवी होती! ब्रिटिशांच्या लेखी ‘टेबल करणे’ म्हणजे चर्चेला घेणे. अमेरिकनांच्या लेखी बासनात गुंडाळणे. चर्चिल यांनीच हा किस्सा आपल्या महायुद्धाच्या इतिहासात नोंदवला आहे.

मूळ टेबल खरेखुरे, लाकडी. ब्रिटिश संसदेत अध्यक्षांच्या आसनासमोर ते असते. त्यावर कागद ठेवला, की तो सभागृहापुढे आला. पण टेबलावर ठेवलेला कागद तिथेच पडूनही राहू शकतो. थॉमस जेफर्सन यांच्या १८०१ च्या संसदीय नियमपुस्तिकेत ही दुसरी छटा दिसते : आत्ता दुसरे काम आहे, तेव्हा हा विषय बाजूला ठेवू, हवा तेव्हा पुन्हा उचलू.

‘पुन्हा उचलू’ हा भाग अमेरिकेत हळूहळू गळून पडला. त्याचे सर्वांत काळे उदाहरण २६ मे १८३६ चे. गुलामगिरीविरुद्धच्या अर्जांचा काँग्रेसमध्ये पूर लोटला होता. तेव्हा प्रतिनिधिगृहाने ठराव केला, की असे सारे अर्ज न छापता, कोणत्याही समितीकडे न पाठवता थेट ‘टेबलावर ठेवावेत’ आणि त्यांवर पुढे काहीही करू नये. हजारो माणसांच्या सह्या अशा एका शिष्ट शब्दाखाली गाडल्या गेल्या. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स तेव्हा साधे सदस्य म्हणून त्याच सभागृहात होते. ते या ठरावाविरुद्ध वर्षानुवर्षे झगडले, आणि डिसेंबर १८४४ मध्ये तो नियम रद्द झाला.

शब्दाचा तो अर्थ मात्र टिकला. तिथे आजही हा प्रस्ताव आला, की त्यावर चर्चा होत नाही, थेट मतदान होते. आणि तो संमत झाला, की मूळ विषय संपतो.

भारताने ब्रिटिश वळण घेतले. म्हणून आपल्या विधिमंडळात अहवाल ‘सभागृहाच्या पटलावर’ ठेवला जातो, तो सर्वांनी पाहावा यासाठी. पटलावर आलेला प्रत्येक अहवाल वाचला जातोच असे नाही, ही गोष्ट वेगळी.