नौकेवरची आपत्कालीन पिशवी : एका साध्या वस्तूचा इतिहास

१/ लहान नौकेवर खलाशी एक पिशवी वेगळी बांधून ठेवतात. नौका बुडू लागली की इतर सारे सोडून तीच उचलायची. इंग्रजीतून आलेले तिचे नाव ‘ग्रॅब बॅग’. तिच्यात काय असावे, हे एखाद्या तज्ज्ञाने एका बैठकीत ठरवलेले नाही. बहुतेक वस्तूंमागे एखादी दुर्घटना आहे. आजचा धागा तिच्याविषयी.

२/ पहिली वस्तू : संदेशाचे साधन. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेले ‘रामदास’ हे प्रवासी जहाज बुडाले. सहाशेहून अधिक माणसे गेली. जहाजावर बिनतारी यंत्रणा नव्हती. बंदर इतके जवळ असूनही मुंबईला वार्ता कळली ती काही तासांनी, वाचलेल्यांच्या तोंडून.

३/ आज त्या जागी ४०६ मेगाहर्ट्झवर संकेत देणारे छोटे यंत्र असते. तो संकेत उपग्रह टिपतात. या कॉस्पास-सारसॅट व्यवस्थेमुळे पहिली सुटका झाली सप्टेंबर १९८२ मध्ये. आपल्या मच्छीमारांसाठी इस्रोने असेच यंत्र विकसित केले असून ते २०१० पासून वापरात आहे.

४/ दुसरी गोष्ट : पाणी, अन्न आणि ज्ञान. १९७२ मध्ये देवमाशांच्या धडकेने रॉबर्टसन कुटुंबाची ‘ल्युसेट’ पॅसिफिकमध्ये बुडाली. सहा जण ३८ दिवस तगले. पुढे डुगल रॉबर्टसन यांनी समुद्रात तग धरण्यावर मार्गदर्शक पुस्तक लिहिले.

५/ तेच पुस्तक १९८२ मध्ये स्टीव्हन कॅलहान यांच्या पिशवीत होते. अटलांटिकमध्ये त्यांची नौका रात्री फुटली. पाण्याने भरलेल्या केबिनमध्ये पुन्हा उतरून त्यांनी ती पिशवी बाहेर काढली. उन्हाच्या उष्णतेने समुद्राचे पाणी गोडे करणारी साधने आणि मासे मारण्याचा भाला यांच्या बळावर ते तराफ्यावर ७६ दिवस जगले.

६/ परंतु पिशवी उचलावी केव्हा? ऑगस्ट १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत ३०३ नौका वादळात सापडल्या आणि १५ स्पर्धक दगावले. खलाशांनी सोडून दिलेल्या २४ नौकांपैकी प्रत्यक्षात बुडाल्या केवळ ५. नौका पायाखालून खरोखरच जात नाही तोवर तिला सोडू नये, हा धडा खलाशी तेव्हापासून घोकत आले आहेत.

७/ आता आपल्याकडचे प्रकरण. १९६० च्या दशकात मुंबईच्या कुलाब्यात ‘सुहेली’ ही नौका बांधली गेली. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिच्याच धर्तीवर गोव्यात ‘थुरिया’ तयार झाली आणि २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत ती घेऊन उतरले भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी.

८/ २१ सप्टेंबर २०१८. दक्षिण हिंदी महासागरातील वादळाने थुरिया उलथली, डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. उभे राहणे अशक्य. उपग्रह फोन, दुसरे संदेशयंत्र, हातातील रेडिओ, सारे पिशवीत नीट बांधलेले होते. आणि त्याच नौकेत असूनही पिशवीपर्यंत पोहोचणे कठीण आहे, असे त्यांनी कळवले. ते कळवता आले कारण एक संदेशयंत्र पिशवीबाहेर, हाताशी होते. नौदलाच्या पी-८आय विमानाने नौका हेरली आणि २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांची सुटका केली.

९/ कॅलहान आणि टॉमी, दोघांचीही पिशवी उत्तम भरलेली होती. एकाचे शरीर धड होते, म्हणून तो तिच्यासाठी पाण्यात परत उतरू शकला; दुसऱ्याला काही हातांचे अंतरही पार होईना. म्हणूनच पिशवीच्या यादीइतकाच तिच्या जागेचा विचार करावा लागतो. अत्यावश्यक वस्तू तर अंगावरच हवी.

१०/ समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, चांदूर बाजारात बसून हे कशाला लिहायचे? कारण १४ सप्टेंबर २०२१ रोजी आपल्याच अमरावती जिल्ह्यात, वरुड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटली आणि ११ जणांचा जीव गेला. नदीत ७६ दिवस नसतात, काही मिनिटे असतात. तेथे पिशवी उघडायला सवड मिळत नाही. अंगात आधीच घातलेले जीवरक्षक जाकीट तेवढे उपयोगी पडते. धरणावर, घाटावर नावेत पाय ठेवण्यापूर्वी ते मागा. नसेल, तर काठावरच थांबा.