औषध शहरात होतं, घरात नव्हतं

आज गोष्ट सांगायची आहे औषधाची. पण औषध शोधणाऱ्यांची कमी आणि ते घरापर्यंत नेणाऱ्यांची जास्त. साथ आली की आपण पहिलं विचारतो, "यावर औषध निघालंय का?" ते निघालं तरी आपल्या गल्लीत कोण आणणार, आणि त्याच्या हातून आपण घेणार का, हे विचारायचं मात्र राहून जातं.

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. मांडवी म्हणजे गोदीजवळची दाट वस्ती, धान्याची कोठारं आणि त्यात उंदीर. काही महिन्यांत लाखो माणसं मुंबई सोडून गावाकडे निघाली. त्याच सुमारास वाल्डेमार हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. म्हणजे साथ ओळखल्यापासून चार महिन्यांत लस हातात होती. कोरोनाची लस यायला किती वाट पाहिली ते आठवा, म्हणजे हे केवढं काम होतं ते कळेल.

पण लस असूनही लोक ती घेईनात. सुईतून काय घालतात, जात-धर्म बाटवतात का, मारायलाच टोचतात का, अशा अफवा पसरल्या. तिथे एक वेगळी गोष्ट घडली. खोजा समाजाचे प्रमुख आगाखान तेव्हा विशीच्या आसपासचे होते. त्यांनी चारचौघांत लस टोचून घेतली, आणि ती बातमी आपल्या माणसांपर्यंत पोचेल याची काळजी घेतली. हाफकिन यांना काम करायला स्वतःचा एक बंगलाही दिला. खोजा समाजातल्या हजारो लोकांनी मग लस घेतली. बाटलीतलं औषध तेच होतं, देणारा हात ओळखीचा झाला होता.

आता त्याच वर्षीचं पुणं बघा. ४ फेब्रुवारी १८९७ ला इंग्रज सरकारनं साथरोगांचा कायदा केला. जेमतेम दोन पानांचा कायदा. माणसांना तपासायचा, वेगळं ठेवायचा अधिकार त्यात आहे. औषध घरोघर कसं पोचवायचं यावर त्यात एक ओळ नाही. हाच कायदा २००९ मध्ये पुण्यात लावला आणि २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्रभर. पुण्यात प्लेग कमिटीचे अध्यक्ष होते रँड. मार्चपासून सैनिक घराघरांत शिरू लागले. देवघर, माजघर, काही सोडलं नाही. रुग्ण सापडला की दवाखान्यात, घरचे विलगीकरणाच्या छावणीत, सामान बाहेर किंवा आगीत. बायकांच्या तपासणीवरून तर फार संताप झाला. पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या दवाखान्यात बायकांची कशी आबाळ होते याबद्दल वर्तमानपत्रात जाहीर तक्रार केली. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली आणि पुढे त्यांचा मृत्यू झाला, हे आपण शाळेत शिकलो. शाळेत न शिकलेली गोष्ट अशी की घरात कोणी आजारी पडलं की लोक त्याला लपवू लागले. ज्याला लपवलं त्याला औषध तरी कुठून मिळणार?

आणि त्याच पुण्याजवळ, हडपसरला ससाणे मळ्यात, सावित्रीबाई फुले यांनी डॉक्टर असलेल्या आपल्या मुलाच्या, यशवंतरावांच्या, मदतीनं प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला. सावित्रीबाई स्वतः वस्त्यांमधून रुग्ण आणायच्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणलं, त्यात त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. तीन जानेवारीला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो, तेव्हा शाळेची गोष्ट सांगतो. ही गोष्टही सांगायला हवी असं मला वाटतं. सावित्रीबाईंना लोक आधीपासून ओळखत होते.

प्लेग पुन्हा आला १९९४ मध्ये, आधी बीड जिल्ह्यात आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत. प्लेगवर तोवर साध्या गोळ्या निघाल्या होत्या, टेट्रासायक्लीनच्या. पण बातमी पसरली तशा मेडिकलमधल्या गोळ्या संपल्या. ज्याला गरज नव्हती त्यानंही साठवून ठेवल्या. बऱ्याच खासगी डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. खानदेशातून कामाला गेलेली कितीतरी कुटुंबं मिळेल त्या गाडीनं गावाकडे परतली.

२००९ चा ऑगस्ट मला चांगला आठवतो, कारण तेव्हा मी कॉलेजात होते आणि टीव्हीवर दिवसभर पुणंच होतं. स्वाइन फ्लूनं देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्टला पुण्यात झाला. त्यावरची गोळी, ऑसेल्टामिवीर, सरकारकडे होती. ती ताप आल्यापासून ४८ तासांच्या आत घेतली तर जास्त उपयोगी पडते. पण लोक साठा करतील, उगाच घेत राहतील आणि मग गोळीचा गुण जाईल, म्हणून ती मेडिकलमध्ये ठेवली नव्हती. कारण खोटं नव्हतं, सुरतेत तेच झालं होतं. पण झालं असं की सगळं शहर नायडू रुग्णालयाच्या दारात उभं राहिलं. आजारी आणि नुसते घाबरलेले एकाच रांगेत, एकमेकांच्या अंगावर खोकत. नंतर तपासणीची केंद्रं वाढवली, खासगी रुग्णालयांना परवानगी मिळाली, पुढे ठराविक मेडिकलमध्ये गोळीही आली. हे सगळं रांगा लागल्यावर सुचलं.

अमेरिकेनं २००४ मध्ये मोठ्या शहरांसाठी एक कार्यक्रमच सुरू केला: संकट आलं तर ४८ तासांत सगळ्या शहराला गोळ्या वाटता आल्या पाहिजेत. कोणत्या शाळेत टेबलं लावायची, माणसं कुठल्या दारानं आत येणार, कुठून बाहेर जाणार, याची रंगीत तालीम करून बघतात. त्याच्याही आधी, १९४७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये देवीचे बारा रुग्ण सापडले, तेव्हा महिनाभरात साठ लाखांवर लोकांना लस टोचली होती. आपल्याला हे नवं नाही. पल्स पोलिओच्या दिवशी बूथ लावून, मग घरोघर फिरून, दारावर खडूनं खूण करून आपणच हे वर्षानुवर्षं केलंय. पोलिओत एक सोय असते, कोणत्या घरी किती लेकरं हे आशाताईंच्या वहीत आधीच लिहिलेलं असतं.

आपल्या रिसोडला रेल्वे नाही. मोठा साठा यायचा तो रस्त्यानंच. २०२० च्या एप्रिलमध्ये एस. टी. बंद होती, तेव्हा पहिली ओरड कोरोनाच्या औषधाची नव्हतीच. आमच्या गटातल्या एका मावशींच्या बीपीच्या गोळ्या संपल्या. गाव दहा किलोमीटरवर, मुलगा पुण्यात अडकलेला. शेजारच्या दूधवाल्याकडे रिकामं पाकीट दिलं, त्यानं रिसोडहून आणून दिल्या. तेव्हा आमच्या लक्षात आलं की कोणाकडे कोणती गोळी चालू आहे हे आम्हाला ठाऊकच नाही. कर्जाचा हप्ता कोणाचा थकला ते तोंडपाठ! पुढच्या वर्षी लशीची नोंदणी मोबाईलवर आली. बाहेरगावची माणसं खेड्यातल्या केंद्रावरचे नंबर घेऊन मोकळी झाली आणि गावातल्या बायका दारात उभ्या. मग आमच्या गटातल्या बारावी झालेल्या दोन मुलींनी ओट्यावर बसून सगळ्यांची नोंदणी केली.

त्यानंतर आम्ही एक वही केली. गल्लीप्रमाणे पानं आहेत. अंथरुणाला खिळलेलं कोण, बीपी-शुगरची गोळी कोणाला, बाळंतीण कोणत्या घरी, एकटं कोण राहतं, मोबाईल कोणाकडे नाही, आणि त्या घरात कोणी गेलं तर दार उघडेल. हा शेवटचा रकाना मी घालायला लावला. काहीजणी हसल्या. पण भरायला बसलो तेव्हा तोच सगळ्यांत अवघड निघाला. एका घराच्या दोन सुना आणि सासू, तिघींनी तीन वेगळी नावं सांगितली.

वही दर सहा महिन्यांनी बदलावी लागते. आजाराची माहिती कोणाच्या हाती पडू नये म्हणून ती एकीच्याच घरी कुलपात असते, यावरूनही वाद झाला. तुमच्या गटानं अशी वही करायची ठरवली तर आधी आशाताईंशी बोला, त्यांचं काम दुप्पट करू नका. आमच्या वहीत अजून दोन गल्ल्या राहिल्यात. एका गल्लीत भाड्यानं राहणारी माणसं दर वर्षी बदलतात, आणि दुसऱ्या गल्लीत आमच्या गटाची एकही बाई नाही. तिथे कोण जाणार हे पुढच्या बैठकीत ठरवायचं आहे.