बंद इंजिनाचा पंखा

घाट चढून आलेली गाडी माथ्यावर उभी केली आणि किल्ली फिरवली की इंजिन थांबते, पण त्यातली उष्णता थांबत नाही. हेड, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि सिलिंडरच्या भिंती यांत मुरलेली धग आता बाहेर पडू लागते. ती वाहून नेणारा वॉटर पंप मात्र बेल्टसकट थांबलेला असतो. कूलंट जागच्या जागी उभे राहते आणि पुढची काही मिनिटे त्याचे तापमान उतरण्याऐवजी चढते. बॉनेटखाली हवा कोंडते, इंधनाच्या नळ्यांत वाफ धरते आणि चहा पिऊन परत आल्यावर सेल्फ फिरतो, गाडी सुरू होत नाही.

या काही मिनिटांच्या बंदोबस्तासाठी फ्यूजबॉक्सशेजारी एक काडेपेटीएवढी डबी आली. किल्ली काढल्यावर ती ठरलेला वेळ पंखा चालू ठेवते आणि मग बंद करते. हा ठरलेला वेळ कोणी, कशावरून ठरवला, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. पुढे असंख्य गाडीमालकांनी ती डबी उघडून आतला वेळ वाढवला, तेव्हा ते याच प्रश्नाला हात घालत होते.

डबीचा अर्धा भाग म्हणजे साधा रिले. लहान प्रवाहाने विद्युतचुंबक जागा करायचा आणि त्याच्याकडून मोठ्या प्रवाहाचे मंडल जोडायचे, ही युक्ती जोसेफ हेन्रीने १८३०च्या दशकात दाखवली. वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तार १८४४मध्ये सुरू झाली तेव्हा मोर्सला तिचाच आधार होता. मोटारीत कॉइल जेमतेम दीडशे मिलिअँपिअर घेते आणि संपर्क तीस अँपिअर पेलतात. ३०, ८५, ८६, ८७ हे पायांवरचे आकडे जर्मनीच्या डीआयएन ७२५५२ या मानकातून आले. आज आपल्याकडच्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या तोंडीही तेच असतात.

पंख्याला इंजिनापासून वेगळे व्हायला मात्र वेळ लागला. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीत पंखा वॉटर पंपाच्या दांड्यावरच बसलेला आणि फॅन बेल्टने फिरणारा. इंजिन थांबले की तोही थांबणार. इंजिन आडवे बसवून पुढची चाके ओढायची रचना रुळली, तसे क्रँकशाफ्टचे तोंड रेडिएटरकडे उरले नाही आणि बेल्टने पंखा फिरवणे अवघड झाले. १९६९च्या फियाट १२८मध्ये विजेचा पंखा आला. आपल्याकडे बहुतेकांनी तो पहिल्यांदा ऐकला मारुती ८००मध्ये. हा पंखा रेडिएटरमधल्या थर्मोस्विचवर चालतो. एखाद्या स्विचवर ९२ आणि ८७ असे दोन आकडे कोरलेले असतात : ९२ अंशांना चालू, ८७ला बंद. पण गाडी थांबल्यावर गरम पाणी हेडमध्ये अडकून पडते आणि स्विच बसलेला असतो रेडिएटरमध्ये, त्यामुळे नेमक्या गरजेच्या वेळी त्याला खबर लागत नाही. म्हणून तापमानाच्या जोडीला वेळही मोजावा लागला.

मोटार वेळ मोजायला शिकली ती पावसामुळे. रॉबर्ट कर्न्स हा डेट्रॉइटचा अभियंता. १९५३मध्ये लग्नाच्या रात्री शँपेनचे बूच उडून त्याचा एक डोळा जवळजवळ गेला. डोळ्याची पापणी थांबून थांबून मिटते, तसा वायपर का चालू नये, असे त्याच्या मनात आले. १९६३मध्ये त्याने आपल्या फोर्ड गॅलक्सीवर ते करून दाखवले आणि १९६४मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. आत होते काय? एक रेझिस्टर, एक कपॅसिटर आणि एक ट्रान्झिस्टर. बारीक नळाने टाकी भरावी तसा कपॅसिटर रेझिस्टरमधून भरत जातो आणि ठरावीक पातळीला पोचला की ट्रान्झिस्टर जागा होतो. हे सारे भाग बाजारात मिळणारे आहेत, यात नवे काही नाही, असा मोटार कंपन्यांचा युक्तिवाद होता. कर्न्स वर्षानुवर्षे न्यायालयात लढला. १९९०मध्ये ज्यूरीने फोर्डला पेटंटभंगासाठी जबाबदार धरले आणि कंपनीने एक कोटी दोन लाख डॉलर दिले. त्याचा संसार त्या लढ्यात मोडला. जोडणी हाच शोध असतो, हे पटवून देण्यासाठी एका माणसाने एवढी किंमत मोजली, याचे मला आजही वाईट वाटते.

कर्न्सच्या मंडलाला जी शिस्त हवी होती ती १९७२मध्ये बाजारात आली. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या हान्स कामेन्झिंडने सिग्नेटिक्स कंपनीसाठी ५५५ ही आयसी घडवली. कपॅसिटर पुरवठ्याच्या दोन-तृतीयांश व्होल्टेजपर्यंत भरला की ती वेळ संपल्याचे सांगते. पुरवठा वरखाली झाला तरी पातळीही त्याच प्रमाणात हलते, म्हणून वेळ बदलत नाही. इंजिन चालू असताना चौदा आणि बंद झाल्यावर साडेबारा व्होल्ट देणाऱ्या मोटारीला हेच हवे होते. शिवाय तिचे आउटपुट दोनशे मिलिअँपिअर देते, म्हणजे रिलेची कॉइल थेट ओढते. कारखान्याच्या प्रत्येक डबीत ५५५च असते असे नाही, पण तत्त्व हेच.

या डबीची निकड वाढवली टर्बोने. मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेणाऱ्या दांड्याभोवतीचे तेल इंजिन थांबताच जागीच उभे राहते आणि धगीने त्याचा कोळसा होतो. १९८५च्या पोर्शे ९४४ टर्बोत म्हणून टर्बोच्या मधल्या भागात पाणी खेळवले आणि इंजिन बंद झाल्यावरही काही वेळ चालणारा वेगळा विजेचा पंप बसवला. जपानी दुकानांनी दुसरी वाट धरली : किल्ली काढली तरी इंजिनच थोडा वेळ चालू ठेवणारा टर्बो टायमर. आपल्याकडे टर्बो डिझेलच्या चालकाला थोडा वेळ आयडलवर ठेवून मग बंद करायला सांगतात, तो याच रोगावरचा हाताने करायचा उपाय.

आता वेळेचा हिशेब. दोनशे वॉटचा पंखा साधारण सतरा अँपिअर ओढतो. दहा मिनिटांत बॅटरीतून तीन अँपिअर-तास जातात. पंचेचाळीसच्या निरोगी बॅटरीला ते जड नाही, पण थकलेल्या बॅटरीला पुढचा सेल्फ जड जाऊ शकतो. कारखान्याला सगळ्यांत वाईट बॅटरी धरून चालावे लागते. म्हणून डबीतला वेळ इंजिनाच्या गरजेइतकाच बॅटरीच्या भीतीनेही ठरलेला असतो. कडक उन्हाच्या मुलखात तो अपुरा वाटणे साहजिक आहे.

डबी उघडणारे प्रथम रेझिस्टर वाढवतात. ५५५चा वेळ म्हणजे रेझिस्टर गुणिले कपॅसिटर गुणिले १.१. पाचशे साठ किलोओहम आणि चारशे सत्तर मायक्रोफॅरड घेतले तर २९० सेकंद, म्हणजे पाच मिनिटांना थोडे कमी. रेझिस्टर १.२ मेगाओहम केला की कागदावर दहा मिनिटे होतात. प्रत्यक्षात इथेच फसगत होते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर थोडा गळतो, आणि एवढ्या मोठ्या रेझिस्टरमधून शेवटी जेमतेम तीन मायक्रोअँपिअर येतात. गळती तेवढीच असली तर टाकी कधीच भरत नाही, पंखा थांबत नाही आणि सकाळी बॅटरी उतरलेली असते. दुसरी गोष्ट त्याहून कमी लोकांच्या ध्यानात येते. बॉनेटखालच्या धगीने या कपॅसिटरमधला द्रव वर्षानुवर्षे सुकतो, त्याची क्षमता घटते आणि वेळ आपोआप आखूड होतो. ‘पूर्वी पंखा जास्त वेळ चालायचा’ ही जुन्या गाडीच्या मालकाची तक्रार खरी असू शकते. रेझिस्टरला हात लावण्याआधी तो कपॅसिटर मोजावा, आणि उतरलेला निघाला तर १०५ अंश सोसणारा नवा बसवावा. पुष्कळदा तेवढ्यावर भागते.

खरोखर लांब वेळ हवा असेल तर वाट वेगळी आहे. ४०६० या आयसीत लहान ऑसिलेटर आणि चौदा पायऱ्यांचा मोजणारा भाग एकत्र असतो. ०.१ मायक्रोफॅरडचा पॉलिस्टर कपॅसिटर आणि ३३० किलोओहम जोडले की एक ठोका ०.०७६ सेकंदाचा पडतो. असे ८१९२ ठोके मोजून शेवटचा पाय वर जातो, तेव्हा दहा मिनिटे आणि वर वीसेक सेकंद झालेले असतात. प्लॅस्टिकचा लहान कपॅसिटर जवळजवळ गळत नाही, सुकतही नाही. कॉइलवर उलटा डायोड मात्र हवाच, नाहीतर रिले सुटताना उठणारा झटका आयसीला मारतो. आणि पंप थांबलेलाच असेल तर नुसता पंखा रेडिएटर आणि बॉनेटखालची हवा थंड करतो, हेडमधले पाणी फिरवत नाही. दहाची वीस मिनिटे केली तरी तेवढ्याने हेड निवत नाही.

२००४मध्ये बीएमडब्ल्यूच्या एन ५२ इंजिनात मुख्य वॉटर पंपच विजेचा झाला. बेल्टशी त्याचा संबंध उरला नाही. इंजिन थांबल्यावर पाणी किती वेळ फिरवायचे हे आता संगणक तापमान पाहून ठरवतो.