वावरात हंडा सापडला, तर?

समजा, उद्या तुमच्या वावरात नांगराला हंडा लागला. काय कराल? बुलडाणा जिल्ह्यात फिरताना मी हा प्रश्न बऱ्याच जणांना विचारते. उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं: "बोलायचंच नाही. सांगितलं की सरकार सगळं नेते."

माझी पीएच.डी. जुन्या नाण्यांतल्या धातूंवर आहे, कायद्यावर नाही. पण नाणी प्रयोगशाळेत येतात की सोनाराच्या मुशीत जातात, हे याच समजुतीवर ठरतं. म्हणून कायदा मुळातून वाचला.

तो आहे १८७८ चा निखात निधी कायदा. जमिनीत दडलेलं १० रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर कलेक्टरला लेखी कळवायचं: काय, किती, कुठे, कधी सापडलं. ऐवज सरकारी खजिन्यात ठेवायचा किंवा जामीन द्यायचा. तेव्हाच्या एका रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. म्हणजे १० रुपयांत साधारण १०७ ग्रॅम चांदी. रक्कम किरकोळ नव्हती.

लपवलं तर? तुमचा वाटा सरकारजमा, शिवाय एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. जमिनीच्या मालकाने लपवायला साथ दिली, तर त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

आणि कळवलं तर? कलेक्टर जाहीर नोटीस काढतो. धन बेवारस ठरलं आणि आधीचा काही करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचं, उरलेलं जमीनमालकाचं. सरकारला ते हवं असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश मोजावा लागतो. हो, बरोबर वाचलंत. "सगळं" जातं ते लपवणाऱ्याचं.

मग ही भीती आली कुठून? मेहकरला १८८८ मध्ये खोदकामात शारंगधर बालाजीची भव्य मूर्ती निघाली. सोबतचे दागिने आणि ताम्रपट इंग्रज अधिकारी घेऊन गेले, असं तिथे आजही सांगतात. वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचा, कारभार इंग्रजांचा. अशा आठवणी कायद्याच्या कलमांपेक्षा जास्त टिकतात, असं मला वाटतं.

आता दुसरं टोक बघा. जून २०२४ मध्ये सिंदखेडराजाला लखुजी जाधवांच्या समाधीजवळ पुरातत्त्व खात्याच्या कामात शेषशायी विष्णूची मूर्ती मिळाली. ती किती खोल होती, कोणत्या दगडाची आहे, भोवती काय होतं, याची नोंद झाली. मूर्तीइतकीच ही नोंद मोलाची.

वितळलेल्या नाण्याची चांदी उरते. पण टांकसाळ, राजा, भेसळीचं प्रमाण, सोबतची नाणी हे सगळं एका दुपारी संपतं, आणि ते कुठल्याच यंत्राने परत मिळत नाही.

तेव्हा हंडा लागलाच, तर हात लावण्याआधी फोटो काढा, जागा लक्षात ठेवा आणि तहसील गाठा. तुमचा वाटा कायद्यात लिहिलेला आहे.